श्ट्रालट्रीपवेर्क: जेट इंजिनाच्या जर्मन नावातला बाण

जेट इंजिनाला जर्मनमध्ये म्हणतात 'श्ट्रालट्रीपवेर्क'. शब्दकोशात 'श्ट्राल' शोधलंत तर पहिला अर्थ बहुधा 'किरण' असा मिळेल. मग हे इंजिन किरणांवर चालतं की काय? नाही. शब्द नीट फोडला तर इंजिनाचं कामच कळतं.

मी शेवटापासून सुरुवात करतो, कारण जर्मन समासात शेवटचं पद मुख्य असतं. आपल्या तत्पुरुषासारखंच: राजवाडा म्हणजे वाडा, राजा नव्हे. 'वेर्क' म्हणजे काम, त्यावरून यंत्रणा. इंग्रजी 'वर्क'चं भावंड. घड्याळातली यंत्रणा 'ऊरवेर्क', वीज केंद्र 'क्राफ्टवेर्क', कॉम्प्युटरचा डिस्क ड्राइव्ह 'लाउफवेर्क'.

'ट्रीप' आला 'ट्रायबन' या क्रियापदावरून. अर्थ हाकणे, पुढे ढकलणे. गुरं हाकायलाही हेच क्रियापद, आणि इंग्रजी 'ड्राइव्ह' याच कुळातलं. (लिहिताना शेवटी 'ब' असतो, उच्चार मात्र 'प'.) फ्रॉइडने मनातल्या मूळ प्रेरणांसाठी वापरला तो शब्दही हाच! तर 'ट्रीपवेर्क' म्हणजे चालना देणारी यंत्रणा. समास फोडायचा तो याच्या आधी: श्ट्राल + ट्रीपवेर्क.

आता 'श्ट्राल'. मला सगळ्यात आवडतो तो हा तुकडा. जुन्या जर्मनमध्ये 'स्ट्राला' म्हणजे बाण. रशियन 'स्त्रेला' आजही बाणच. पुढे बाणासारखं सरळ सुटणारं सगळंच 'श्ट्राल' झालं: उन्हाची तिरीप, नळीतून उसळलेली पाण्याची धार आणि इंजिनातून मागे सुटणारा तप्त वायूंचा झोत. इंजिन पुढून हवा ओढतं, दाबतं, त्यात इंधन जाळतं; झोत मागे सुटतो आणि प्रतिक्रियेने विमान पुढे जातं. म्हणून 'झोताने पुढे ढकलणारी यंत्रणा'. इंग्रजीतला 'जेट' फ्रेंचमधल्या 'फेकणे' या क्रियापदावरून आला. मराठीने रॉकेटला 'अग्निबाण' म्हटलं, म्हणजे बाण आपल्यालाही सुचलाच.

जेट इंजिनावर उडालेलं पहिलं विमान जर्मनच: हाइंकेल हे-१७८, २७ ऑगस्ट १९३९. इंजिन हान्स फॉन ओहाइन यांचं.

आजच्या बहुतेक मोठ्या प्रवासी विमानांना टर्बोफॅन असतो. त्याला जर्मनमध्ये 'मांटलश्ट्रोमट्रीपवेर्क' म्हणतात. 'मांटल' म्हणजे अंगावरचा कोट, 'श्ट्रोम' म्हणजे प्रवाह. पंख्याने ढकललेली थंड हवा गरम गाभ्याभोवती कोटासारखी वाहते, म्हणून.