‘एच. एन.’ म्हणजे कोण?

पार्क चौकाकडून नवी पेठेत शिरले की पहिल्या शंभर पावलांतच कानावर चार-पाच भाषा पडतात. गल्ल्यावर बसलेला मालक मुलाशी गुजराती किंवा मारवाडीत बोलतो, कप्प्यातून साड्या काढणारा पोरगा सोबत्याला तेलुगूत काही सांगतो, अक्कलकोटकडून आलेल्या गिऱ्हाइकाशी कन्नडात घासाघीस होते आणि पावती मात्र मराठीत फाडली जाते. या पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात दिवाणजी म्हणून मी एकतीस वर्षे काढली. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे काही वाचले ते दुकान बंद झाल्यावर आणि सोमवारच्या सुट्टीला. त्यामुळे विद्वानांच्या नजरेला जे लागते त्यापेक्षा दिवाणजीच्या नजरेला जे लागते, तेच मी लिहू शकतो.

या लेखाचे कारणही दुकानातच घडले. कॉलेज करून संध्याकाळी कामाला येणाऱ्या एका मुलाला मी विचारले, “एच. एन. कॉमर्सला आहेस ना, मग एच. एन. म्हणजे काय रे?” तो हसला. “काका, कॉलेजचं नावच ते आहे.” सोलापुरात अशी आद्याक्षरे पुष्कळ आहेत. १९४०चे डी. बी. एफ. दयानंद कॉलेज, त्यातला ‘डी’ म्हणजे दमाणी आणि ‘बी’ म्हणजे भैरूरतन, हे मारवाडी दानशूर घराणे. हरिभाई देवकरण प्रशालेचे आम्ही नुसते ‘हरिभाई’ केले. एच. एन. म्हणजे हिराचंद नेमचंद. त्यांचे चिरंजीव वालचंद हिराचंद सगळ्या देशाला माहीत आहेत. वडील मात्र आद्याक्षरांपुरते उरले आहेत.

वांकानेर ते सोलापूर

दोशी हे दिगंबर जैन, हुमड समाजाचे. घराणे मूळ सौराष्ट्रातील वांकानेरचे. तिथून ते फलटणला आले आणि पुढे व्यापाराच्या ओढीने सोलापूरला. १८६०मध्ये सोलापूरला रेल्वे आली. त्यानंतर कापूस, धान्य आणि कापड यांची ही मोठी बाजारपेठ झाली. पुढच्या दशकात सूतगिरणी उभी राहिली. दोशींच्या पेढीचा व्यवहार कापूस, कापड आणि सावकारीचा होता.

सावकारी हा शब्द मी मुद्दाम गाळत नाही. १८७५च्या मे महिन्यात सुपे येथे कुणबी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. ज्यांच्या वह्या जळाल्या ते बहुतेक मारवाडी आणि गुजराती, म्हणजे ‘बाहेरून आलेले’. १८७९मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कर्जनिवारणाचा कायदा केला, तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू होता. सोलापुरातल्या गुजराती पेढीवर बसलेल्या तरुण हिराचंदांच्या भोवतीची हवा ही अशी होती. पेढीची वही म्हणजे लोकांच्या रागाचा विषय झालेला तो काळ.

अशा वेळी या माणसाने एक नवीन वही उघडली. १८८०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सोलापुरातून सुरू केले आणि ते मराठीत काढले. मराठीतल्या जैन नियतकालिकांचे ते मूळपीठ मानले जाते. घरात गुजराती, धर्मग्रंथ प्राकृत-संस्कृतात, आणि समाजाशी बोलायचे ते मराठीत. दक्षिण महाराष्ट्रातला शेतकरी जैन समाज, चतुर्थ आणि पंचम, हा मराठी-कन्नड बोलणारा. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर मराठीच हवी, हा व्यवहार त्यात होताच. पण स्थलांतरित माणूस कोणत्या भाषेत छापतो, यावरून तो पुढच्या पिढ्या कुठे वाढवणार आहे हे कळते, असेही मला वाटते.

मूडबिद्रीची पोथी

हिराचंदांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मात्र सोलापुरात घडली नाही. ती घडली कर्नाटकात मूडबिद्रीला.

दिगंबर परंपरेत ‘षट्खंडागम’ हा अत्यंत प्राचीन सिद्धान्तग्रंथ. त्यावर वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकात ‘धवला’ ही टीका लिहिली. तिचे प्रमाण ७२,००० श्लोकांइतके मानतात. शतकानुशतके या ग्रंथाच्या ताडपत्री प्रती फक्त मूडबिद्रीच्या बसदीत उरल्या होत्या. लिपी जुनी कन्नड. यात्रेकरूंना पोथ्यांचे दर्शन मिळे. हात जोडायचे आणि निघायचे. वाचणारा जवळजवळ कोणी राहिला नव्हता.

१८८३मध्ये मुंबईचे मोत्यांचे व्यापारी माणिकचंद हिराचंद संघ घेऊन मूडबिद्रीला गेले. (नावाच्या सारखेपणाने घोटाळा होतो, हे मूळचे सुरतचे, सोलापूरच्या दोशींचे स्नेही.) पोथ्यांची अवस्था पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी सोलापूरला हिराचंदांना कळवले. पुढच्याच वर्षी हिराचंद तिकडे निघाले. जाताना त्यांनी श्रवणबेळगोळहून ब्रह्मसूरी शास्त्रींना बरोबर घेतले, कारण ती लिपी वाचू शकणारे ते विद्वान होते. शास्त्रींनी मंगलाचरण वाचून दाखवले. इतकी वर्षे नुसता पूजला गेलेला ग्रंथ त्या दिवशी ऐकला गेला.

नक्कल करून घ्यायची असे ठरले, पण प्रत्यक्षात यायला दहा-बारा वर्षे गेली. हिराचंदांनी ‘जैन बोधक’मधून आवाहन केले आणि शंभर-शंभर रुपयांच्या वर्गण्या मागितल्या. इथे मला पेढी दिसते. एका मोठ्या देणगीदाराकडे न जाता सारख्या रकमेचे पुष्कळ भागीदार करायचे, हिशेब छापून मोकळा ठेवायचा, कारागीर नेमायचे आणि काम संपेपर्यंत पैसा पुरवायचा. १८९६मध्ये ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती शास्त्री यांनी नकलेला बसून सुरुवात केली. ब्रह्मसूरी मध्येच वारले. धवला, जयधवला आणि महाबंध अशा तिन्ही ग्रंथांच्या नकला पूर्ण व्हायला १९२२ साल उजाडले. सव्वीस वर्षे! माझ्या दुकानातल्या नोकरीपेक्षा पाचच वर्षे कमी.

आता खरी गाठ. मूडबिद्रीच्या पंचांची अट अशी की नक्कलसुद्धा गावाबाहेर जाता कामा नये. म्हणजे वर्गणीदारांनी पैसे दिले, शास्त्रींनी डोळे फोडले आणि ग्रंथ एका कुलपातून दुसऱ्या कुलपात गेला. गजपती शास्त्रींना हे पटले नाही. दिवसा नेमून दिलेली नक्कल करीत असताना, पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने, त्यांनी गुपचूप कन्नड लिपीत आणखी एक प्रत तयार केली. ती घेऊन ते सोलापूरला हिराचंदांकडे आले. मोबदला द्या आणि ठेवून घ्या, म्हणाले.

हिराचंदांनी प्रत घेतली नाही. एवढेच करून ते थांबले नाहीत. तुम्हीही घेऊ नका, असे त्यांनी मुंबईला माणिकचंदांना लिहिले. शेवटी ती प्रत उत्तरेत सहारनपूरच्या लाला जंबुप्रसाद यांनी घेतली. तिथे तिची नागरी नक्कल होत असताना सीताराम शास्त्री नावाच्या पंडितांनी पुन्हा स्वतःसाठी एक प्रत करून ठेवली आणि तिच्यावरून आणखी नकला पसरल्या. अमरावतीच्या प्रा. हिरालाल जैन यांनी १९३९ पासून धवलेचे जे सोळा खंड छापले, ते अशा नकलांच्या आधारावर. ही सगळी हकीकत हिरालाल जैन यांनीच पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत नोंदवली आहे.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा हिराचंदांचा राग आला. ज्या ग्रंथासाठी आयुष्य घातले तो दारात आला आणि माणसाने दार लावून घेतले! पण मीही पेढीवरचाच माणूस. पावतीशिवाय आलेला माल कितीही चांगला असला तरी घ्यायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. वर्गणीदारांच्या आणि पंचांच्या मध्ये हिराचंदांचा शब्द उभा होता. परक्या मुलखात पेढी चालते ती शब्दावरच. त्यांनी शब्द राखला. तरीही ग्रंथ जगापुढे आला तो शब्द मोडणाऱ्या दोन शास्त्रींमुळे, हेही तितकेच खरे. दोघांपैकी कोणाला चूक ठरवावे हे मला आजही जमलेले नाही. मात्र एक नक्की: हिराचंदांनी पैसा उभा केला नसता तर गजपती शास्त्री त्या पोथीसमोर बसलेच नसते.

मुलगी आणि मुलगा

वाचण्याचा हक्क हा प्रश्न हिराचंदांच्या घरातही शिरला. त्यांची कन्या कंकुबाई अकाली विधवा झाली. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य माजघरात संपत असे. कंकुबाईंना मात्र शास्त्राचे शिक्षण मिळाले. मुंबईच्या त्याच माणिकचंदांची कन्या मगनबाई, तीही विधवा, हिने श्राविकाश्रम काढला. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना शिकवून शिक्षिका करणारी ती संस्था. तिथे मगनबाईंच्या बरोबरीने कंकुबाई उभ्या राहिल्या. विदर्भातल्या कारंजा येथील श्राविकाश्रमाला आज कंकुबाईंचे नाव आहे. दोन व्यापारी मित्रांनी पोथी उघडायची ठरवली आणि त्यांच्या दोन मुलींनी शाळा उघडली. सोलापुरात हीच वाट पुढे राजुलमती श्राविकाश्रमातून पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी रुंद केली.

मुलगा वालचंद. जन्म सोलापूरचाच, २३ नोव्हेंबर १८८२. शिक्षणासाठी मुंबई-पुण्याला गेला, पण पदवी घेतली नाही. पेढीच्या कापूस-सावकारीत त्याचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागी करून त्याने बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे काम घेतले आणि तिथून तो कंत्राटदार झाला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघालेले सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज, वालचंदनगर आणि रावळगावचे साखर कारखाने, १९४०मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमची गोदी, मग मोटारी. इतक्या कारखान्यांना माणसे हवी होती, आणि यंत्र जाणणारी माणसे देशात मोजकी. वालचंदांच्या नावाचा पैसा पुढे तंत्रशिक्षणाकडे गेला तो या पार्श्वभूमीवर.

सांगलीत धोंडुमामा साठे यांनी १९४७मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले होते. वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजी वारले, आणि त्यानंतर त्यांच्या नावाच्या देणगीने त्या कॉलेजला वालचंद हे नाव मिळाले. सांगलीतच लठ्ठे एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयाला त्यांच्या पत्नीचे, कस्तुरबाई वालचंद हे नाव आहे. सोलापुरात १९६२मध्ये वालचंद कला व शास्त्र महाविद्यालय, मग वडिलांच्या नावाचे वाणिज्य महाविद्यालय आणि १९८३मध्ये वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. ज्या संस्थेच्या छत्राखाली हे तंत्रमहाविद्यालय चालते तिचे नाव वाचून पाहा: श्री ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा. संगणक अभियांत्रिकीच्या गुणपत्रिकेवर ‘पाठशाळा’ हा शब्द छापलेला असतो. मुले तो वाचत नाहीत. पण सुरुवात कुठून झाली ते त्या एका शब्दात लिहून ठेवलेले आहे. एका समाजाच्या धर्मशिक्षणासाठी उघडलेल्या दारातून आज लिंगायत, पद्मशाली, मराठा, मुसलमान, दलित अशी सगळ्या पेठांतली मुले आत जातात.

फलटण गल्लीतले पुस्तक

शेवटची गोष्ट आणखी एका दोशींची. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापूरचे व्यापारी. १९४०मध्ये त्यांनी ठरवले की कमावलेला पैसा आता धर्म आणि समाज यांच्या कामी लावायचा. त्यांनी देशभर फिरून विद्वानांना विचारले, पैसा कशात घालू? १९४१च्या उन्हाळ्यात नाशिकजवळ गजपंथ येथे विद्वानांची बैठक बोलावली. त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला. आधी तीस हजार रुपये आणि १९४४मध्ये जवळजवळ सर्व मालमत्ता, सुमारे दोन लाख, त्यांनी संघाच्या हवाली केली. १९५७मध्ये ते वारले.

सोलापूरच्या फलटण गल्लीतून चालणाऱ्या या संघाच्या ग्रंथमालेत आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादिलेला ‘तिलोयपण्णत्ती’ १९४३ पासून आला. आसामचे कृष्णकांत हंडिकी यांचा यशस्तिलकावरील गाजलेला इंग्रजी ग्रंथ १९४९मध्ये इथूनच निघाला. परदेशातल्या विद्यापीठांत त्याच्या मुखपृष्ठावर ‘शोलापूर’ हे नाव लोक वाचतात. चादरीखेरीज या गावाची आणखी एक ओळख आहे, ती अशी. आणि १९७३ पासून याच संघाने धवलेचे खंड पुन्हा छापायला घेतले. हिराचंदांनी दारातून परत पाठवलेला ग्रंथ असा छापील होऊन सोलापूरला आला, या वेळी रीतसर, पावतीसह.

सोलापुरात अधूनमधून ‘इथला कोण आणि बाहेरचा कोण’ हा वाद निघतो. १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेल्या आमच्या चार हुतात्म्यांत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा होते, हे अशा वेळी आठवावे. शिक्षणाच्या बाबतीतही तेच. वांकानेर सोडलेल्या घराण्याने मराठीत मासिक काढले, कन्नड पोथी नागरीत आणण्यासाठी सव्वीस वर्षे पैसा पुरवला आणि शेवटी स्वतःचे नाव आपल्या गावच्या मुलांच्या गुणपत्रिकेवर ठेवून दिले. ‘इथला’ होण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

एक विनंती. ज्यांच्या घरी ‘जैन बोधक’चे किंवा कोणत्याही जुन्या सोलापुरी नियतकालिकाचे अंक माळ्यावर पडले असतील, त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देऊ नयेत. जवळच्या वाचनालयाला द्यावेत. दुकानातल्या त्या मुलाला मी ही सगळी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि एकच विचारले, “मग ती मूडबिद्रीची पहिली पोथी अजून आहे का, काका?” आहे, म्हणालो. सुट्टीत जाऊन पाहून येऊ, असे ठरले आहे.