नाव, नोंद आणि सीमा : चंदगड परिसरातील जोगतिणीचा कायदेशीर इतिहास

१

नव्या म्हैसूर राज्यात कोणते प्रदेश जाणार याची यादी १९५६च्या राज्यपुनर्रचना अधिनियमात दिलेली आहे. तीत बेळगाव जिल्ह्याचा उल्लेख करताना चंदगड तालुक्याचा अपवाद केलेला आहे. या एका अपवादामुळे चंदगड मुंबई राज्यात राहिले, कोल्हापूर जिल्ह्याला जोडले गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. सीमाप्रश्नाच्या विपुल लेखनात या विभागणीचा विचार भाषेच्या, शेतीच्या आणि लोकसंख्येच्या अंगाने झाला, आणि तो योग्यच होता. मात्र त्याच रेषेने आणखी एक जीवनव्यवहार दुभंगला, याची दखल क्वचितच घेतली गेली. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुलगी सोडण्याची प्रथा चंदगड, गडहिंग्लज, निपाणी, चिकोडी या सलग पट्ट्यात रुजलेली होती. नव्या रेषेनंतर चंदगडच्या जोगतिणीचे घर एका राज्यात आणि तिचे दैवत दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाली. उपजीविकेसाठी ती सांगली, पुणे वा मुंबईच्या वस्तीत गेली की तिला तिसराच कायदा लागू होई.

या स्त्रीचा इतिहास लिहिताना पहिली अडचण नावाची येते. गावात ती जोगतीण असते, विधिमंडळात देवदासी आणि पोलिसांच्या व दवाखान्याच्या दप्तरात वेश्या. ही तीन नावे एकाच स्त्रीची असू शकतात, पण ती समानार्थी नाहीत. प्रत्येक नावामागे एक संस्था उभी आहे आणि प्रत्येक संस्थेने आपल्या सोयीचा तेवढाच भाग त्या नावात साठवला आहे. या स्त्रियांच्या सुरक्षिततेचा, आरोग्याचा आणि कायदेशीर स्थानाचा इतिहास म्हणूनच बऱ्याच अंशी या नावांच्या व्यवहाराचा इतिहास ठरतो.

२

या प्रदेशात प्रथाबंदीचा कायदा एकाच वेळी आणि एकाच स्वरूपात आला नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० साली कोल्हापूर संस्थानात जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्ध कायदा केला. गडहिंग्लज संस्थानात होते. चंदगड ब्रिटिश अमलाखालील बेळगाव जिल्ह्यात. त्यामुळे शेजारच्या मुलखात जी गोष्ट बेकायदा ठरली, तिला चंदगडच्या बाजूला तसा प्रतिबंध नव्हता. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ साली आला. त्याने मुलीला देवाला वाहण्याचा विधी बेकायदा ठरवला, अशा विधीत भाग घेणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद केली आणि देवदासीचा विवाह वैध मानला. पुढे १९८२ साली कर्नाटकाने स्वतंत्र कायदा करून शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि मुलीचे आईबाप वा पालकच दोषी असल्यास पाच वर्षांपर्यंत वाढवली. महाराष्ट्राचा नवा कायदा त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने, २००५ साली झाला.

मधल्या काळाचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. विधी सौंदत्तीच्या डोंगरावर झाला तर एक कायदा आणि तोच विधी चंदगड तालुक्यातील घराच्या पडवीत झाला तर दुसरा, जवळजवळ अर्धशतक जुना कायदा, असा हा भेद होता. बंदी कडक होत गेली तसा विधी मंदिराच्या आवारातून घरात, लहानशा देवळीपुढे आणि रात्रीच्या वेळी सरकला. ज्या गोष्टीला पूर्वी साऱ्या गावाची साक्ष असे, ती साक्षीविना होऊ लागली. आणि साक्षीविना घडलेला गुन्हा सिद्ध होणे कठीणच.

या सर्व कायद्यांमध्ये एक समान गृहीतक आहे. विधी हाच अन्याय असून तो थांबला की अन्याय थांबतो, असे ते मानतात. प्रत्यक्षात गळ्यात 'दर्शन' बांधण्याचा विधी हा एका दीर्घ व्यवहाराचा केवळ आरंभ असे. मुलगा नसलेल्या घरात सोडलेली मुलगी वडिलांच्या घरी राही आणि म्हातारपणी त्यांचा सांभाळ करी. डोक्यात जट आली, घरात आजार शिरला की तो देवीचा कौल मानला जाई. न विंचरलेल्या, मळाने गुंतलेल्या केसांना दैवी खूण मानणे हा आरोग्याविषयीच्या अज्ञानाचा भाग होता. तरी त्या अज्ञानाला दारिद्र्याची आणि जातीची भक्कम बैठक होती. सोडल्या जाणाऱ्या मुली प्रामुख्याने दलित घरांतल्या, आणि त्यांना 'ठेवणारे' पुरुष बहुधा वरच्या थरांतले. कायद्याने पुजाऱ्याला आणि आईबापाला गुन्हेगार ठरवले, ठेवणाऱ्याचे नाव त्यात उमटले नाही.

१९७५च्या सुमारास डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने गडहिंग्लज येथे देवदासींच्या प्रश्नावर परिषद भरली, आणि निपाणीत तंबाखू व विडी कामगार स्त्रियांच्या संघटनेतून हाच प्रश्न पुढे आला. या चळवळींचे वेगळेपण असे की, त्यांनी विधीबंदीइतकाच उपजीविकेचा प्रश्न मांडला. सोडलेल्या स्त्रीला निर्वाहाचे अनुदान, घर आणि तिच्या मुलांना शिक्षण हवे, ही मागणी सीमाभागातून राज्यपातळीवर गेली. अनुदान मिळू लागले तेव्हा एक विचित्र पेच उभा राहिला. त्यासाठी आपण देवदासी आहोत हे स्त्रीला सिद्ध करावे लागे. जे नाव कायद्याने पुसायचे ठरवले होते, तेच तिला दाखला म्हणून मागावे लागले.

३

आरोग्याच्या दप्तरातील नोंद याहून जुनी आहे. १८६४च्या छावणी कायद्याने आणि १८६८च्या सांसर्गिक रोग अधिनियमाने ब्रिटिश हिंदुस्थानात वेश्यांची नोंदणी व सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. या व्यवस्थेचा हेतू स्त्रीच्या प्रकृतीची काळजी हा नव्हता. गोऱ्या सैनिकाचे आरोग्य राखायचे होते, आणि त्यासाठी रोगाचे मूळ स्त्रीच्या शरीरात शोधले गेले. बेळगावसारख्या छावणीच्या आसपासच्या मुलखाला ही दृष्टी अपरिचित राहणे शक्य नव्हते. नोंद स्त्रीची झाली. गिऱ्हाइकाची नोंद अधिनियमाने मागितली नाही. इंग्लंडात जोसेफिन बटलर यांनी चालवलेल्या विरोधाचे पडसाद येथवर उमटले आणि १८८८ साली हा अधिनियम रद्द झाला. रोग म्हणजे स्त्री हे समीकरण मात्र रद्द झाले नाही.

जवळजवळ शतकानंतर, १९८६ साली, भारतातील एचआयव्ही संसर्गाची पहिली नोंद मद्रासमधील वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्तचाचणीतून झाली आणि ते समीकरण नव्या वैद्यकीय परिभाषेत परतले. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी सांगलीत मीना सेषू यांच्या पुढाकाराने 'संग्राम' ही संस्था उभी राहिली. कंडोमचे वाटप बाहेरच्या कार्यकर्त्यांनी न करता वस्तीतल्या स्त्रियांनीच करावे, ही तिची पद्धत वरवर पाहता व्यवस्थापनाची बाब वाटते. तिचा परिणाम मात्र राजकीय झाला. आरोग्यकार्यक्रमाचे लक्ष्य असलेली स्त्री त्या कार्यक्रमाची कर्ती झाली आणि १९९६ साली या स्त्रियांची स्वतःची संघटना आकाराला आली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद. सुधारकांनी आणि सरकारने टाळलेला शब्द या स्त्रियांनी संघटनेच्या नावातच ठेवला, यातील विधान दुर्लक्षिण्याजोगे नाही. पुढे अमेरिकी मदतीला वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट जोडली गेली, तेव्हा 'संग्राम'ने ती अट नाकारून तो निधी सोडला. आरोग्य आणि नीती यांची गाठ १८६८ साली लंडन-कलकत्त्यात मारली गेली होती. या वेळी ती वॉशिंग्टनमध्ये मारली गेली एवढाच फरक.

४

सुरक्षिततेची स्थिती ज्या कायद्यावर अवलंबून आहे, तोही १९५६चाच आहे. न्यूयॉर्क येथे १९५० साली स्वाक्षरी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसरून स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापारास आळा घालणारा अधिनियम संसदेने संमत केला. १९८६च्या दुरुस्तीनंतर तो अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम म्हणून ओळखला जातो. या कायद्याने वेश्याव्यवसाय हा स्वतंत्र गुन्हा ठरवलेला नाही. कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या कमाईवर जगणे, स्त्रीला या व्यवसायात आणणे, सार्वजनिक ठिकाणाजवळ व्यवसाय करणे आणि त्यासाठी खुणावणे हे गुन्हे आहेत. म्हणजे कृत्य निषिद्ध नाही, पण ते जिथे आणि ज्यांच्यासह घडू शकते ती जवळजवळ प्रत्येक जागा निषिद्ध आहे. दोन स्त्रिया सुरक्षिततेसाठी एका खोलीत राहिल्या तर ती खोली कुंटणखाना ठरू शकते. तिच्या कमाईवर जगणारा सज्ञान मुलगा किंवा म्हातारी आई आरोपी ठरू शकते. खुणावण्याच्या कलमात स्त्रीला पहिल्या अपराधासाठी सहा महिन्यांपर्यंत आणि पुरुषाला तीन महिन्यांपर्यंत कारावास आहे. विसाव्या कलमाने दंडाधिकाऱ्याला अशा स्त्रीला आपल्या हद्दीतून हलवण्याचा अधिकार दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालच्या निवाड्यात तो वैध मानला.

जोगतिणीच्या संदर्भात या कायद्याचा परिणाम दुहेरी झाला. गावात ती एका पुरुषाशी बांधलेली असेपर्यंत तिचे शोषण कायद्याच्या नजरेआड राही. तो आधार तुटून ती शहरात आली की ती तत्काळ दृश्यमान होई, पण अपराधाच्या कक्षेत. बलात्कार वा मारहाणीची तक्रार द्यायला ती चौकीत गेली, तर तिच्या जखमेआधी तिच्या व्यवसायाची चौकशी होण्याची भीती तिला वाटे.

कलकत्त्यात १९९९ साली झालेल्या एका स्त्रीच्या खुनाच्या खटल्यात, बुद्धदेव कर्मस्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य, सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली आरोपीचे अपील फेटाळले. मात्र तेथे न थांबता न्यायालयाने या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न हाती घेऊन समिती नेमली. १९ मे २०२२चा आदेश त्याचे फलित. त्याचे स्वागत करताना सर्व शिफारशी मान्य झाल्या असा समज पसरला. आदेशाचे वाचन तसे सांगत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीला वैद्यकीय मदत, पोलिसांची संवेदनशील वर्तणूक, वृत्तपत्रांनी ओळख उघड न करणे आणि कंडोमला गुन्ह्याचा पुरावा न मानणे यांबाबत काटेकोर पालनाचे निर्देश दिले गेले. परंतु सज्ञान स्त्री स्वेच्छेने व्यवसाय करत असल्यास पोलिसांनी हस्तक्षेप करू नये, छाप्यात तिला अटक करू नये, केवळ व्यवसायाच्या कारणावरून मूल आईपासून तोडू नये, या शिफारशींवर केंद्र सरकारने आक्षेप नोंदवला आणि त्या निर्देशांच्या कक्षेबाहेर राहिल्या. थोडक्यात, दुखापतीनंतरच्या उपचाराला मान्यता मिळाली. दुखापत टळावी यासाठी जे हवे ते प्रलंबित राहिले.

याच प्रकरणात आणखी एक बाब इतिहासकाराला थांबायला लावते. साथीच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता या स्त्रियांना शिधा देण्यास सांगितले, तेव्हा त्यांना ओळखायचे कसे याचे उत्तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या याद्यांमध्ये सापडले. पुढे आधारपत्रासाठीही याच संघटनेच्या राजपत्रित अधिकाऱ्याचे वा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाचे प्रमाणपत्र पुरेसे मानण्यात आले. व्यवहारात हा मोठा दिलासा होता. तरी त्यातून दिसते ते असे, की शासनाला ही स्त्री इतकी वर्षे एकाच रूपात माहीत होती: संसर्गाचा संभव म्हणून. १८६८च्या नोंदवहीत नाव आल्याने स्वातंत्र्य जाई आणि २०२०च्या नोंदवहीत नाव आल्याने धान्य मिळे. हेतू उलटे, पण नोंदवही आरोग्यखात्याचीच.

५

मराठी साहित्याने हा इतिहास कसा वाचला? नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) महानगरातील वस्तीला मराठी कवितेच्या मध्यभागी आणले. त्या वस्तीकडे जाणाऱ्या वाटेचा आरंभ मात्र सीमाभागातल्या गावांत होता. राजन गवस यांच्या 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) या कादंबऱ्यांनी त्या आरंभाला त्याच परिसराच्या बोलीत शब्द दिला. चारुता सागर यांच्या 'दर्शन' या कथेसह त्यांच्यावर २००९ साली 'जोगवा' हा चित्रपट आधारलेला आहे. कायद्याच्या दृष्टीने विधी ही एक घटना होती. कादंबरीने तिला काळाचा विस्तार दिला, आणि म्हणून आई, भाऊ, गुरव, शेजारी हे केवळ आरोपी वा साक्षीदार न राहता एका व्यवस्थेचे वाहक म्हणून दिसले. मात्र या संहितांच्या स्वीकारात एक मर्यादाही आहे. वाचकाने त्यांतील करुणा स्वीकारली. गावातून निघून गेलेली, कमावणारी, मुले वाढवणारी, संघटना बांधणारी स्त्री मराठी कथनाच्या परिघावरच राहिली. बळी म्हणून तिला जेवढी जागा मिळाली, तेवढी कर्ती म्हणून मिळालेली नाही.

येथे खरा पेच सुरू होतो. १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुरळी, जोगतीण आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रियांसमोर भाषण केले आणि हे जिणे सोडण्याचे आवाहन केले. त्या आवाहनामागे जातीने लादलेला लैंगिक अपमान समूळ झुगारण्याची भूमिका होती. साठ वर्षांनी सांगलीतल्या स्त्रियांनी, ज्यांतील कित्येकींची पाळेमुळे देवदासी प्रथेतच होती, आपण जे करतो तो धंदा आहे आणि त्यातला अन्याय संपला पाहिजे, असे म्हटले. या दोन भूमिकांना एकमेकींच्या विरोधात उभे करणे सोपे आहे आणि दोन्ही बाजूंच्या लेखनात ते घडलेही आहे. पण दोन्हींचा प्रतिपक्ष पाहिला तर चित्र पालटते. १९३६ची भूमिका जातीने दिलेल्या नावाविरुद्ध होती. १९९६ची पोलिसांनी आणि दवाखान्याने दिलेल्या नावाविरुद्ध. पहिलीने पुढच्या पिढीच्या मुलीविषयी बोलणे केले, दुसरीने आज वस्तीत राहणाऱ्या स्त्रीविषयी. मुलीला सोडू नये आणि सोडलेल्या स्त्रीला मारू नये, या दोन मागण्यांत विसंगती नाही. विसंगती निर्माण होते ती पहिलीच्या नावाखाली दुसरीला अटक होते तेव्हा.

चंदगडच्या वाट्याला आलेला तो अपवाद यासाठीही आठवावा लागतो. सीमा कुठे आखायची हे ठरवणाऱ्यांपुढे सौंदत्तीच्या वाटेवरची जोगतीण नव्हती. तिच्यासाठी कायदे करणाऱ्यांपुढेही ती बहुधा विषय म्हणूनच होती. परडी घेऊन डोंगर चढताना तिने किती राज्यांचे, किती खात्यांचे कायदे ओलांडले याचा हिशेब अजून कोणत्याही एका दप्तरात नाही. तो मांडायचा तर संशोधकाला विधिमंडळाची कागदपत्रे, दवाखान्याच्या नोंदी आणि कादंबरी ही साधने एकत्र वाचावी लागतील, आणि त्यांच्याशेजारी त्या स्त्रियांचे स्वतःचे निवेदन ठेवावे लागेल.