धबधबे, गिरण्या आणि तुळशी पाईप रोड

जून उजाडला की ऑफिसच्या ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो. "या वीकेंडला कुठला धबधबा?" माझी उत्तरं ठरलेली आहेत. पहिला नंबर कोंडाण्याच्या लेण्यांचा. दादरहून पहाटेची कर्जत लोकल पकडायची, पुढे रिक्षाने कोंडिवडे आणि तिथून राजमाचीच्या पोटातली चिखलाची चढण. दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेलं चैत्यगृह आणि त्याच्या तोंडावर वरून कोसळणारा पाण्याचा पडदा! दुसरा कुसूर घाट, मावळातून भिवपुरीला उतरणारी जुनी फरसबंदी वाट. आणि पाऊस ओसरला की भिऱ्याचं देवकुंड. लोणावळा-खंडाळा मी मोजत नाही, तिथे धबधब्यापेक्षा भुट्टेवाले जास्त :-)

तर मंडळी, आजचा विषय धबधबा असला तरी गोष्ट आपल्या लालबाग-परळची आहे. खंडाळ्याच्या पायथ्याला खोपोली, कुसूरच्या पायथ्याला भिवपुरी आणि देवकुंडच्या वाटेवर भिरा. या तिन्ही ठिकाणी टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. खोपोली १९१५ चं, भिवपुरी १९२२ चं, भिरा १९२७ चं. (भिवपुरी रोड स्टेशनवर उतरून पॉवरहाऊस शोधू नका, ते कर्जतहून जायच्या भिवपुरी कॅम्पला आहे.)

त्या काळात मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या आणि कोळसा यायचा थेट बंगालमधून. भाडं भरून भरून मालक हैराण, आणि धुराने गिरणगाव काळं. डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईतल्या एका इंग्रज आर्किटेक्टने जमशेटजी टाटांच्या डोक्यात कल्पना घातली, की हा घाटावरचा पाऊस वापरा की! जमशेटजी १९०४ मध्ये गेले. मुलांनी १९१० मध्ये कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी वळवणला धरणाची पायाभरणी झाली.

आता यातली इंजिनिअरिंगची मजा बघा. सह्याद्रीतले धबधबे चार महिन्यांचे पाहुणे. गिरणी बारा महिने चालणार, मग मे महिन्यात वीज कुठून आणायची? म्हणून लोणावळा, वळवण आणि शिरवता असे तलाव बांधून पावसाचं पाणी आधी अडवायचं. दुसरी गंमत म्हणजे हे पाणी मुळात आपल्याकडचं नव्हेच. ते पूर्वेला इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जाणारं. त्याची वाट वळवून ते पश्चिमेच्या कड्यावरून पाईपातून खोपोलीला सोडलं. उंची सव्वापाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे जोगच्या धबधब्याच्या दुप्पट! सेकंदाला एक घनमीटर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं की ढोबळ हिशोबाने पाच मेगावॉट. बारावीचं फिजिक्स, बाकी काही नाही. तिथून साठ-सत्तर किलोमीटर तारा टाकून वीज मुंबईत आणली आणि एकेक करत गिरण्यांनी बॉयलर सोडून मोटर धरली. म्हणजे सह्याद्रीतला खरा मोठा धबधबा आपण बघतच नाही, तो पाईपात आहे.

इथपर्यंत सगळं कसं छान आहे. ग्रुपवर फॉरवर्ड करावं असं. पण मुळशी आली की गोष्ट बदलते.

मुळा-नीलेच्या खोऱ्यात तिसरं मोठं धरण ठरलं, भिऱ्याच्या केंद्रासाठी. त्यात बुडणार होती मावळ्यांची गावं आणि आंबेमोहोराची खाचरं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी शेतकरी धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. पुढे दगड खाल्ले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. त्यात बायकाही होत्या. भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली.

लढा का हरला हे वाचताना मी सगळ्यात जास्त थबकलो. कंपनी आणि सरकार समोर होतेच, पण बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. सावकाराला पैसे मिळाले की विषय संपला. जो चिखलात उभा राहून भात लावत होता त्याला मात्र दुसरी जमीन हवी होती, आणि त्याच्याशी बोलायची कोणाला गरज वाटली नाही. १९२४ मध्ये बापटांनी शेवटचा उपाय म्हणून साथीदारांसह बांधकामावरची गाडी अडवून हल्ला केला आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. धरण झालंच.

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, सांचा चालवायचे. त्यांच्या पगारावर आमची खोली उभी राहिली, त्यामुळे धरणाला सरळ नाव ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण गिरणीतले निम्मे लोक कोकण आणि घाटावरच्या अशाच तुटपुंज्या शेतातून पोट भरत नाही म्हणून आलेले. एका शेतकऱ्याची जमीन बुडवून दुसऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला पाळी मिळाली, असा हा व्यवहार. त्या पाळ्याही १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गेल्या. बहुतेक गिरण्यांची चाकं पुन्हा नीट फिरलीच नाहीत. पाणी मात्र अजून पश्चिमेलाच पडतंय, आणि दुष्काळ पडला की सोलापूर-मराठवाड्याकडून हे पाणी भीमेत सोडा अशी मागणी होते.

आता जरा नकाशा उघडा. माहीमहून दादर, प्रभादेवी, लोअर परळ करत महालक्ष्मीकडे जाणारा रस्ता. जुनी माणसं त्याला अजून तुळशी पाईप रोड म्हणतात, कारण १८७९ मध्ये पुऱ्या झालेल्या तुळशी तलावाच्या पाण्याचा पाईप इथून आला. बाजूला गिरण्यांची रांग, ज्यांच्या जागी आज आपली ऑफिसं, पब आणि फूड कोर्ट आहेत. त्या रस्त्याचं अधिकृत नाव सेनापती बापट मार्ग. ज्या विजेवर या गिरण्या चालल्या तिच्याविरुद्ध तुरुंगात गेलेल्या माणसाचं नाव, नेमकं गिरण्यांच्याच दारात! हे ठरवून केलं की महापालिकेची नकळत झालेली विनोदबुद्धी, कोण जाणे. कॅबवाल्याला आपण दिवसातून दोनदा 'एसबी मार्ग' सांगतो.

असो. देवकुंडला भर पावसात जाऊ नका. तिथे माणसं बुडाली आहेत आणि पावसाळ्यात बंदीचे आदेशही निघतात. दिवाळीच्या आसपास गेलात तर भिऱ्याला तलावाच्या कडेने चालताना पॉवरहाऊसकडे नजर टाका. मुळशीचं पाणी टर्बाईन फिरवून झालं की इथे साठतं आणि कुंडलिकेत सुटतं. कोलाडला राफ्टिंग करतो ना आपण, ते त्याच पाण्यावर. नदीला पाणी कधी येणार असं तिथल्या पोरांना विचारा, ते आभाळाकडे बघत नाहीत, मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात.