माळवदावरची माती आणि घराचा न लिहिलेला खर्च

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी-सास्तूरचा भूकंप म्हटलं की आकडा आठवतो, जवळपास ८ हजार माणसं गेली. पण एवढी माणसं का गेली, याच्या उत्तरात घराची देखभालही येते. आणि नंतर वसवलेल्या नव्या गावांचं दुखणंही देखभालीचंच आहे. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

आपल्याकडचं जुनं घर, औशाचं असो की कंधारचं, म्हणजे दगड-मातीच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, लाकडी खांब-तुळया, वर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. जागा कामानुसार वाटलेली. ढाळजेत बैठक, ओसरीवर निवडणं-टिपणं, बाजूला गोठा, धान्याला बळद नाहीतर पेव. या घराला रोख खर्च जवळजवळ नव्हता. शेण गोठ्यातलं, माती गावच्या पांढरीची, हात घरचे. सडा-सारवण बायका करायच्या, त्या कष्टाचा हिशोब कुणी मांडलाच नाही.

माळवद गळू नये म्हणून मृगाच्या आधी वर नवी माती टाकायची. जुनी काढून टाकायची तर मेहनत दुप्पट, म्हणून थरावर थर. पिढ्या गेल्या आणि माती फूट-दोन फूट चढली. त्यात भिंतीचा आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना बांधणारा आरपार दगड नाही. जमीन हलली तशा भिंती फुटल्या आणि झोपलेल्या माणसांवर दगड-माती आली. गंमत बघा, कितीतरी घरांत लाकडी सांगाडा मात्र उभाच राहिला होता. दोष लाकडाचा नव्हता. गळती थांबवायची सोपी सवय वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं वाढवत होती.

मग पुनर्वसन आलं. ५२ गावं नव्या जागी गेली. घराचं माप शेतीवर ठरलं: भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरला ४००, त्यावर ७५०. घरं भूकंपाला टिकतील अशी होती, हे मान्यच केलं पाहिजे. पण २५० चौरस फुटांत बैल कुठं बांधायचा? कडबा, ज्वारीची पोती, औतं कुठं ठेवायची? लोकांनी पत्र्याची शेडं काढली, पडव्या जोडल्या. जुनं घर दुरुस्त व्हायचं ते माती आणि घरच्या हातांनी. नव्या घराला चीर गेली की सिमेंट, गवंडी आणि रोख पैसा लागतो.

गावाचंही तेच. जुनं गावठाण दाटीचं, बोळांचं. नवी गावं शहरासारखी आखली, रुंद रस्ते, चौक, मोकळ्या जागा. माणसं तेवढीच, पण गाव कितीतरी पट पसरलं. म्हणजे गटार लांब, नळाची पाइपलाइन लांब, दिव्याचे खांब जास्त, झाडायचा रस्ता जास्त. ग्रामपंचायतीची घरपट्टी मात्र गावाइतकीच. बांधायला सरकार, जागतिक बँक, देणगीदार संस्था आल्या. रोजचा झाडू मारायला कोण येणार?

याउलट, ज्या गावांचं स्थलांतर झालं नाही तिथं लाखाहून जास्त घरं मालकांनी सरकारी मदतीच्या हप्त्यांतून स्वतः उभं राहून दुरुस्त आणि मजबूत करून घेतली. तिथं घरात काय लागतं, हे ठरवणारा माणूस आणि पुढं ते सांभाळणारा माणूस एकच होता.

हे जुनं उकरून काढायचं कारण आजचं आहे. २०२४ च्या मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. नांदेड-लातूरच्या जुन्या गावठाणांत माळवदं अजून आहेत. दरवर्षी वर माती टाकायच्या आधी खालची काढली का, एवढं तरी विचारा.

आणि गावात नवं सभागृह, अभ्यासिका, घरकुलं मंजूर झाली की फलकावरचा लाखांचा आकडा वाचून थांबू नका. इथं रोज कोण बसणार, कोण झाडणार आणि पाचव्या वर्षी गळलं तर पैसा कोणत्या खात्यातून येणार, हे ग्रामसभेत विचारा. नकाशा कागदावर आहे तोवर हा प्रश्न फुकट आहे. स्लॅब पडल्यावर त्याचं बिल गावाला भरावं लागतं.