खुणेची वेळ : तांड्यापासून मैदानापर्यंत

छत्तीसगडमधील बालोद जिल्ह्यात खपरी नावाच्या गावी कुकुरदेवाचे मंदिर आहे. मंदिर कुत्र्याच्या नावाने ओळखले जाते आणि त्याची कथा एका बंजाऱ्याची आहे. दुष्काळात अडलेल्या बंजाऱ्याने आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल कुठे लपवला ते कुत्र्याने पाहिले होते. त्याने सावकाराला तिथपर्यंत नेले आणि माल मिळाला. कर्ज फिटले असे मानून सावकाराने तसा कागद लिहिला, तो कुत्र्याच्या गळ्यात बांधला आणि त्याला मालकाकडे पाठवून दिले. दुरून धावत येणारा कुत्रा पाहून बंजाऱ्याला वाटले, याने आपला शब्द मोडला, हा पळून आला. रागाच्या भरात त्याने काठी घातली. कुत्रा मेल्यावर गळ्यातला कागद दिसला.

ही कथा सहसा इमानाची म्हणून सांगितली जाते. पण तिच्यातला चुकलेला भाग कुत्र्याचा नाही, माणसाचा आहे. कुत्र्याने दोनदा खूण केली. पहिली सावकाराला वेळेवर कळली. दुसरी मालकाला उशिरा कळली आणि तोवर हात चालून गेला होता. माणसाने जनावराला दिलेली खूण, जनावराने माणसाला दिलेली खूण आणि या दोहोंमधला क्षण यांचा इतिहास आपल्याकडे स्वतंत्रपणे फारसा लिहिला गेलेला नाही. त्याचे धागे मात्र जवळच सापडतात.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे उमरखेड आहे. नदी ओलांडली की मराठवाडा लागतो. पुसद, महागाव, उमरखेड हा सारा पट्टा बंजारा तांड्यांचा. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून मुलूखभर पोचवणारी ही मंडळी. शेकडो बैलांची लदेणी, नायकाच्या हुकुमाने चालणारा तांडा आणि रात्री मुक्काम उघड्या माळावर. अशा मुक्कामाला भिंत नसते. तिथे भिंतीचे काम कुत्रा करतो. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबरलेज या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिले, ते १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात बंजाऱ्यांच्या प्रकरणात नायकाच्या जोडीने त्यांच्या कुत्र्यांचीही दखल आहे. सरकारी नोंदींत एका समाजाबरोबर त्याचा कुत्रा यावा, ही लहान गोष्ट नव्हे.

या नोंदी कोणी आणि का केल्या तेही ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या नजरेने तांड्याकडे पाहिले गेले ती मुख्यतः पोलिसांची नजर होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसाला संशयित ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. कुकुरदेवाच्या कथेतला बंजारा आपल्या कुत्र्यावर क्षणात अविश्वास दाखवतो. इतिहासात त्याच बंजाऱ्यावर राज्यकर्त्यांनी तसाच अविश्वास दाखवला. दोन्हीकडे धावत येणाऱ्याला पळपुटा समजण्याची घाई आहे.

कुत्र्याने चोरीचा माग काढावा ही अपेक्षा मात्र फार जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा ही इंद्राची कुत्री पणींनी लपवलेल्या गाईंचा शोध घेत त्यांच्यापर्यंत पोचते आणि त्यांच्याशी बोलते. तिच्यावरूनच कुत्र्याला सारमेय हे नाव पडले. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथे राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात शंभर अध्याय आहेत. त्यातील विनोदांच्या विंशतीत हत्ती, घोडे, कोंबडे, लावे, मेंढे, रेडे, पारवे यांच्याबरोबर ‘सारमेयविनोद’ आहे. म्हणजे कुत्र्याला पारखणे आणि त्याच्याकडून काम करून घेणे हा राजाने जाणून घ्यावा असा विषय होता. गीत, वाद्य आणि नृत्य हेही विनोद याच विंशतीत येतात. जनावराशी जुळवून घेणे ही कला आहे, हे त्या रचनेत न सांगता आले आहे. मराठवाड्यात ही आवड आजही जिवंत आहे. लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव पश्मी जातीच्या शिकारी कुत्र्यांसाठी ओळखले जाते. उंच, सडपातळ कारवानी कुत्राही याच मुलखाचा, आणि त्याच्या नावातच काफिला आहे.

आता खुणेकडे वळू. आपल्या दारी येणारा नंदीबैल सर्वांच्या परिचयाचा आहे. अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, नंदीवाल्याच्या हातात गुबुगुबु वाजणारे वाद्य. ‘पाऊस पडेल का?’ असे विचारले की बैल मान डोलावतो. ‘नंदीबैलासारखी मान डोलावतो’ असे आपण विचार न करता होकार देणाऱ्याबद्दल म्हणतो. पण बैल नीट लक्ष देतो म्हणूनच त्याची मान हलते. दोरीचा हलका ताण, वाद्याचा बदललेला ठेका, धन्याच्या अंगाची किंचित हालचाल यांपैकी काहीतरी त्याने ओळखलेले असते. प्रश्नातले शब्द आपल्यासाठी, खूण बैलासाठी.

याच गोष्टीचा शास्त्रीय उलगडा जर्मनीत झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये फॉन ओस्टन या शिक्षकाचा ‘हान्स’ नावाचा घोडा टाप आपटून गणिते सोडवत असे. धनी लबाड नव्हता. घोडा खरोखरच शिकला आहे अशी त्याची समजूत होती. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ मध्ये दाखवून दिले की प्रश्नकर्त्याला उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत जरासे वर होई आणि घोडा थांबे. नंदीवाला जे जाणून करतो ते फॉन ओस्टन नकळत करत होता. निष्कर्ष सरळ आहे. माणूस तोंडाने बोलतो तेव्हा जनावर त्याचे अंग वाचते.

कुत्रा या बाबतीत सर्वांच्या पुढे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडे कुत्रा जातो का, एवढाच प्रश्न होता. सुमारे निम्मे कुत्रे जवळच आले नाहीत. जे आले त्यांतले जवळपास ८० टक्के बोटाच्या दिशेने गेले. त्यांना कोणी शिकवले नव्हते. जवळ न येणाऱ्यांनीही माणसाबद्दलचे काहीतरी ज्ञान आधीच मिळवले असावे, असे म्हणावेसे वाटते.

खूण असली तरी तिची वेळ हा वेगळा विषय. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट याने १९१० मध्ये कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. त्याची पद्धत कठोर होती, पण बक्षीस किंवा शिक्षा कृतीच्या क्षणीच हवी, नंतर तिचा अर्थ बदलतो, हे त्याने ओळखले होते. १९५१ मध्ये बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने एका लेखात साधा उपाय सांगितला. जत्रेत मिळते तसे पत्र्याचे टिकटिक वाजणारे खेळणे घ्यावे. आवाज झाला की खाऊ मिळतो हे जनावराला आधी कळू द्यावे. मग हवी ती कृती घडताच टिक वाजवावे. खाऊ दोन सेकंदांनी मिळाला तरी चालतो, कारण नेमका क्षण आवाजाने पकडलेला असतो.

या साऱ्याची कसोटी पुढे एका खेळात लागली. फेब्रुवारी १९७८ मध्ये लंडनच्या ‘क्रफ्ट्स’ या श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला वेळ भरून काढण्यासाठी जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून कुत्र्यांची शर्यत बेतली. तिला ‘अ‍ॅजिलिटी’ हे नाव मिळाले आणि १९८० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली. उड्या, बोगदा, झुलती फळी, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी धाव असे अडथळे असतात. क्रम दर वेळी नवा असतो. माणूस सोबत धावतो, पण कुत्र्याला हात लावायचा नाही, गळ्यात दोरी नाही, हातात खाऊ नाही. उरते ती फक्त खूण.

इथे क्षणाचा हिशेब अगदी उघड होतो. सेकंदाला पाच मीटर धावणाऱ्या कुत्र्याला खूण अर्धा सेकंद उशिरा मिळाली, तर तो अडीच मीटर पुढे गेलेला असतो. एकदा पाय जमिनीवरून सुटले की त्याला वळण बदलता येत नाही. म्हणून उडीनंतर उजवीकडे वळायचे असेल तर ते उडीपूर्वीच कळायला हवे. माणसाने आधी वेग कमी करावा, खांदे आणि पावले वळणाच्या दिशेला करावीत, हात त्यानंतर आणि शब्द शेवटी. हात उजवीकडे आणि पावले डावीकडे असतील तर कुत्रा बहुधा पावलांवर विश्वास ठेवतो. बाजू बदलायची ती कुत्र्यापुढून की मागून, हेही आधीच ठरवावे लागते. पुढून बदलायची तर त्याच्या आधी तिथे पोचले पाहिजे. यासाठी शर्यतीपूर्वी स्पर्धकांना कुत्र्याविना मैदान चालून पाहायला मिळते. नवखा स्पर्धक त्या फेरीत अडथळ्यांचा क्रम पाठ करतो. मुरलेला स्पर्धक आपण कोणत्या क्षणी कुठे असू हे पाठ करतो. चूक झाल्यावर कुत्र्यावर ओरडणाऱ्याला जाणते प्रशिक्षक चित्रफीत पाहायला सांगतात. तिथे दिसते की कुत्र्याने दाखवलेलीच वाट धरली होती, फक्त ती एक क्षण आधीची होती.

खेळात चुकीची किंमत काही गुण. पोलीस श्वानपथकात ती कुणाचे आयुष्य असू शकते. पुण्यात शिकलेला ‘झंजीर’ हा मुंबई पोलिसांचा लॅब्राडोर १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून देणारा म्हणून प्रसिद्ध झाला. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला तेव्हा त्याला इतमामाने निरोप दिला गेला. स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्याने खूण करायची ती बहुधा गप्प बसून. ती हस्तकाने ओळखायची आणि त्याआधी स्वतः काही सुचवायचे नाही. हे किती अवघड आहे ते कॅलिफोर्नियात २०११ मध्ये दिसले. १८ हस्तक आणि त्यांच्या कुत्र्यांना एका इमारतीत पाठवले. काही जागी खुणेचे कागद लावून तिथे वास असल्याचे हस्तकांना सांगितले होते. प्रत्यक्षात कुठेही काही नव्हते. १४४ शोधांपैकी अवघे २१ बिनचूक निघाले. हान्सची गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा घडली.

आपल्या न्यायालयांनी हा धोका आधीच ओळखला होता. १९७० च्या निकालसंग्रहात छापलेल्या महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याचा विचार केला. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात येऊ शकत नाही, त्याच्या वतीने हस्तक बोलणार. माणसाचे प्राण आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून ठेवावे का, हा आक्षेप नोंदवून न्यायालयाने अशा पुराव्याला फारसे वजन देता येणार नाही असे ठरवले. ‘श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले’ हे वाक्य आपण बातम्यांत नेहमी वाचतो. जिथे जन्मावरून संशय घेण्याची जुनी सवय आहे, तिथे कुत्रा वस्तीच्या कडेला घुटमळला एवढ्यावरून काय काय होऊ शकते, याची कल्पना तांड्यावरच्या माणसाला अधिक येईल.

विदर्भात या विषयाला आणखी एक बाजू आहे, ती शंकरपटाची. जोडी, छकडा आणि धुरकरी. निकाल घड्याळावर, सेकंदाच्या अंशाने लागतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. सोबतच्या नियमांत काठी, चाबूक आणि विजेचा धक्का यांना मनाई आहे. हा नियम खरोखर पाळला गेला तर धुरकऱ्याच्या हाती कासरा आणि आवाज एवढेच राहते, आणि सुटण्याच्या क्षणी ते कसे वापरावे यावर पट ठरतो. आर टोचून पळवणे कुणालाही जमते. टोचल्यावाचून पळवायला वर्षभर गोठ्यात जोडीबरोबर राहावे लागते.

हे वर्षभराचे राहणे कोणत्याही ग्रंथात नोंदलेले नाही. लदेणी बंद पडली, तांडे स्थिर झाले, नंदीवाल्यांची मुले शाळेत गेली, आणि ते योग्यच झाले. त्याबरोबर जनावराशी बोलण्याच्या खुणाही विरत चालल्या आहेत. कोणत्या शिळेला कुत्रा परत फिरे, रात्री कोणते भुंकणे वाटसरूसाठी आणि कोणते बिबट्यासाठी, कोणत्या हाकेला लदेणीचा पुढचा बैल थांबे, हे सांगू शकणारी वयस्क माणसे उमरखेड-पुसदच्या तांड्यांवर असतील तर त्यांच्याकडून ते आजच टिपून घ्यायला हवे. अ‍ॅजिलिटीच्या मैदानावरील प्रत्येक वळणाची चित्रफीत जगात उपलब्ध आहे. पैनगंगेकाठच्या शिळेची एकही नाही.