त्यांचा तो वर्णद्वेष, आपला तो विनोद?

जानेवारी २००७. ब्रिटनच्या चॅनल फोरवरील 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' कार्यक्रमात जेड गुडी हिने शिल्पा शेट्टी यांना 'शिल्पा पापडम' म्हटले. भारतात संतापाची लाट उसळली. पाटण्यात पुतळे जाळले गेले. ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉमकडे ४० हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. प्रायोजकाने अंग काढून घेतले. आपला वर्णद्वेषी हेतू नव्हता, असे गुडी सांगत राहिली. ते कोणी मानले नाही. ऑफकॉमने चॅनललाच जबाबदार धरले आणि आपला निष्कर्ष वाहिनीवरून जाहीर करायला लावला. तो संताप योग्यच होता.

आता डिसेंबर २०१७ पाहा. सलमान खान आणि शिल्पा शेट्टी यांच्या मुलाखतींच्या चित्रफिती पसरल्या. एकाने आपला नाच, दुसरीने आपला घरातला अवतार सांगताना वाल्मिकी समाजाचे जातिवाचक नाव हसत हसत वापरले. २००७ मध्ये पेटून उठलेला देश या वेळी कुठे होता? रस्त्यावर उतरला तो वाल्मिकी समाजच. शिल्पा शेट्टी यांनी माफी मागितली. २०२४ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील गुन्हाही रद्द केला. आमचा प्रश्न एका व्यक्तीचा नाहीच. २०२० मध्ये युवराज सिंग, २०२१ मध्ये मुनमुन दत्ता. शब्द तोच आणि 'हेतू नव्हता' हा खुलासाही तोच. परक्याचा हेतू न तपासता निषेध करणारे आपल्या माणसाचा हेतू मात्र भिंग लावून शोधतात.

हे दुटप्पी माप जुने आहे. २००१ मध्ये डर्बनला वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषद भरली. जातिभेदाचा प्रश्न तिथे घ्यावा म्हणून दलित कार्यकर्ते झगडले. जात म्हणजे वंश नव्हे, असे सांगत भारत सरकारने विरोध केला. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध जगभर बोलणारा देश स्वतःवर वेळ येताच व्याख्येआड लपला!

जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीही मांडले होते. पण अन्यायाचे नाते त्यांनी ओळखले होते. म्हणूनच १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी 'ब्लॅक पँथर'वरून 'दलित पँथर' नाव घेतले, ते याच नात्याने.

या मालिका आणि मुलाखती मुंबईत तयार होतात आणि आमच्या मोरव्यातल्या घराघरांत दिसतात. पहाटे गटारात उतरणाऱ्या माणसाच्या जातीचे नाव 'गबाळा' या अर्थाने पडद्यावर येते, तेव्हा त्याचे मूल समोर बसलेले असते. ते काय शिकते?

म्हणून मित्रांनो, केवळ स्टेटस ठेवून थांबू नका. वाहिनीचे नाव, तारीख, वेळ नोंदवा, चित्रफीत जपा, लेखी तक्रार करा. ब्रिटनमध्ये तक्रारींनी वाहिनीला उत्तर द्यायला लावले. आपल्या तक्रारींचा ढीग कधी लागणार?

जय भीम!