मेंबर कोण हाय रं?

“आपला झेडपी मेंबर कोण हाय रं सध्या?” पालीला गेलो की आजोबा हमखास विचारतात. मी म्हणतो, कोणीच नाही. ते म्हणतात, “मंग शाळेच्या पत्र्याचं कुणाला सांगायचं?”

बीड जिल्हा परिषदेसाठी शेवटचं मतदान फेब्रुवारी 2017 मध्ये झालं. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो, यादीत नाव आलं नव्हतं. मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. म्हणजे मी झेडपीला अजून एकदाही मत दिलेलं नाही.

आजोबांना यात नवल वाटत नाही. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हापासूनचं त्यांना आठवतं. 1979 च्या निवडणुकीनंतर पुढची थेट 1992 मध्ये झाली. तेरा वर्षं!

हेच थांबवायला 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती आली. पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, आणि ती स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाने घ्यावी. पण गट-गणांच्या सीमा कोणी आखायच्या, हे घटनेने राज्याच्या कायद्यावर सोडलं. महाराष्ट्राने ते काम आयोगाकडे दिलं. जे कायद्याने दिलं, ते कायद्याने काढताही येतं. वादाचं मूळ इथे आहे.

4 मार्च 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी खटल्यात सांगितलं, की ओबीसींना सरसकट 27 टक्के जागा देता येणार नाहीत. आधी समर्पित आयोग, मग इम्पिरिकल डेटा, आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत. डेटा तयार नव्हता. आरक्षणाशिवाय निवडणूक झाली तर ओबीसींच्या हक्काच्या जागा जाणार, ही भीती खरी होती. मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने एकमताने कायदा करून सीमा आखायचा अधिकार आयोगाकडून सरकारकडे घेतला. आयोगाने केलेली रचना रद्द झाली. वेळ मिळाला, पण ज्यांना निवडणूक लढवायची त्यांच्याच हातात पेन्सिलही आली.

प्रकरण कोर्टात गेलं. 4 मे 2022 ला न्यायालयाने बजावलं, की 11 मार्चपूर्वीची रचना धरा आणि दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. 2006 च्या किशनसिंग तोमर खटल्यातही त्याने हेच म्हटलं होतं, सीमा ठरायच्यात म्हणून निवडणूक लांबवता येत नाही. जुलैमध्ये बांठिया आयोगाच्या अहवालाने ओबीसी आरक्षणाची वाट मोकळी झाली. तोवर सरकार बदललं होतं. आधीच्या सरकारने मुंबईचे 227 प्रभाग 236 केले होते, नव्याने ऑगस्टमध्ये ते परत 227 केले. पुन्हा याचिका. 22 ऑगस्ट 2022 ला आदेश आला, ‘जैसे थे’.

हा आदेश पाच आठवड्यांसाठी होता. पण तारखा पडत गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं गेली. निवडणूक अडवू नका म्हणणाऱ्या न्यायालयातच निवडणूक अडकून पडली. मत देण्याचा हक्क कोणी काढून घेतला नाही, फक्त पुढची तारीख मिळत राहिली.

6 मे 2025 ला न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना आणि चार महिन्यांत निवडणुका असं सांगितलं. ती मुदतही वाढून 31 जानेवारी 2026 झाली. 2 डिसेंबर 2025 ला बीड नगरपरिषदेचं मतदान झालं. जानेवारीत 12 जिल्हा परिषदांचा कार्यक्रम जाहीर झाला. शेजारचे लातूर, धाराशिव, परभणी त्यात होते. बीड नव्हतं.

मी आजोबांना यादी वाचून दाखवली. त्यांनी बिंदुसरेच्या तलावाकडे बघत विचारलं, “मंग पत्र्याचं?”

या पावसाळ्याआधी मी स्वतःच प्रशासकांच्या नावाने अर्ज लिहिणार आहे. पण त्यांना मी निवडलेलं नाही, आणि काम नाही झालं तर मला त्यांना पाडताही येणार नाही.